फलाटावर ठरलेले प्रवास

आपल्याकडे सहल निघत नाही, ती काढावी लागते. महिनाभर आधी तारीख ठरते, मग सुट्ट्या जुळवायच्या, मग आरक्षण, मग दशम्या कुणी करायच्या आणि चटणी कुणी आणायची याची वाटणी. निघायच्या दिवशी आजी हातावर दही घालते आणि मगच पाऊल उंबऱ्याबाहेर पडते. अशा सहलींचा मला कंटाळा नाही. बेळगावात वाढलेल्या मुलीने गोकर्ण, गोवा, पन्हाळा हे सारे असेच पाहिलेले असते. परंतु आखलेल्या प्रवासात आपण जे पाहायचे ठरवून निघतो, बहुधा तेवढेच पाहून परत येतो. समोर लागलेल्या गाडीकडे बघून, फलाटावर उभ्या उभ्या ठरलेला प्रवास निराळाच असतो, हे मला परदेशी शिकायला गेल्यावर कळले. त्या प्रवासांविषयी चार शब्द लिहावेत असे संपादकांनी सुचवले, म्हणून हा प्रपंच.

२०२१ च्या ऑक्टोबरात मी पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीतील आखेन या शहरी गेले आणि तेथे दोन वर्षे राहिले. तेथील तंत्रविद्यापीठ १८७० साली स्थापन झाले. आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते नावाने ठाऊक असते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आखेन ठाऊक असते ते शार्लमेन बादशहामुळे. ८१४ साली तो याच गावी वारला आणि स्वतः बांधलेल्या चर्चमध्येच त्याला पुरले. मला मात्र या शहराचे नकाशातले स्थान सर्वांत मोलाचे वाटले. जर्मनीच्या अगदी पश्चिम टोकाला ते वसले आहे. शहराची साधी बस एका दिशेला थोडी पुढे गेली की नेदरलँड्स लागतो आणि दुसऱ्या दिशेला गेली की बेल्जियम. आपण टिळकवाडीहून शहापूरला जावे, तसे तिथले लोक परदेशी जाऊन भाजी घेऊन येतात. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. सीमेपलीकडच्या फाल्स या डच गावात ती उघडी असतात, एवढेच त्याचे कारण!

विद्यार्थ्याच्या खिशाला हे भटकणे परवडते, त्याचीही कारणे आहेत. आमच्या सत्राच्या शुल्कातच प्रवासाचे तिकीट अंतर्भूत असे. ते दाखवले की त्या राज्यातील बसगाड्या आणि संथ गाड्या वेगळे पैसे न देता वापरता येत. जर्मनीचा निवास परवाना हाती असला की शेंगेन करारातील इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांपैकी ९० दिवस राहता येते; त्यासाठी पुन्हा व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. आणि तिसरे कारण म्हणजे रविवार. वसतिगृहाच्या खोलीत तो खायला उठतो. त्यामुळे २०२२ च्या वसंतात करोनाचे निर्बंध सैल होताच आम्ही तिघी स्टेशनकडे धावू लागलो.

तिघी म्हणजे मी, उत्तर इटलीतील बोल्त्सानोची एक मुलगी आणि धारवाडची एक मुलगी. बोल्त्सानोची राहायला फाल्समध्ये होती. आखेनमध्ये खोली मिळणे कठीण, म्हणून कित्येक विद्यार्थी असे एका देशात झोपतात आणि दुसऱ्या देशात शिकतात. धारवाडची मात्र माझ्याच वसतिगृहात, माझ्याच मजल्यावर होती. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात तिने विचारले, "कुठली तू?" मी म्हटले, "बेळगाव." ती म्हणाली, "अच्छा, बेळगावी." आपल्या महाविद्यालयातील वाचकांना पुढचे समजावून सांगायला नको. आम्ही क्षणभर एकमेकींकडे पाहिले आणि बोलणे इंग्रजीतून हवापाण्यावर गेले. पुढे कित्येक महिने आम्ही एका चुलीवर भाकरी भाजल्या, माझा कुंदा थोर की तिचा पेढा थोर यावर हमरीतुमरीवर आलो, भीमसेन जोशींचे अभंग आणि दासांची पदे एकाच भोंग्यावर ऐकली. परंतु त्या एका अक्षराच्या फरकाला दोघींनीही हात लावला नाही.

आमची पहिली भटकंती अगदी जवळची. शनिवारी दुपारी फाल्सला चहाला म्हणून गेलो, तर ऊन पडले होते. तिथल्या माणसांना ऊन म्हणजे सणच. चहा राहिला आणि आम्ही टेकडी चढू लागलो. या टेकडीच्या माथ्यावर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. उंची सुमारे ३२२ मीटर, म्हणजे आपल्या राजहंसगडासमोर तिला कुणी टेकाडही म्हणणार नाही. पण युरोपातील नेदरलँड्समध्ये याहून उंच जागा नाही! वर एक खांब, भोवती आइस्क्रीम खाणारी मुले, सायकली टेकवून बसलेली म्हातारी माणसे. पहारा नाही, कुंपण नाही. सीमा ओलांडली याची खूण एकच. खांबाभोवती फेरी मारली की खिशातला फोन वाजायचा: बेल्जियममध्ये आपले स्वागत. पुन्हा फेरी: नेदरलँड्समध्ये आपले स्वागत. तेवढ्यात खरा फोन वाजला. आई म्हणाली, "कुठं फिरूलालीस गं?" मी म्हटले, "तीन देशांत आहे." ती म्हणाली, "असू दे. जेवलीस का?"

पण टेकडीवर जाणाऱ्या रस्त्याचे नाव आहे 'चार सीमांचा रस्ता'. तीन देश आणि चार सीमा हे कसे? बोल्त्सानोच्या मुलीने सांगितले ते ऐकून मी तिथेच गवतावर बसले. नेपोलियनच्या पाडावानंतर इथल्या जमिनीची वाटणी चालली असता जस्ताच्या एका खाणीवरून प्रशिया आणि नेदरलँड्स यांचे जमेना. तेव्हा १८१६ साली त्यांनी खाणीभोवतीचा साडेतीन चौरस किलोमीटरांचा तुकडा दोघांचाही नाही असे ठरवून बाजूला ठेवला. त्याचे नाव तटस्थ मोरेस्ने. पुढे बेल्जियम स्वतंत्र झाला आणि नेदरलँड्सच्या जागी तो आला. खाण एकोणिसाव्या शतकातच संपली, तरी तुकडा मात्र तसाच राहिला. १९०८ साली तेथील काही मंडळींनी एस्पेरांतो या कृत्रिम भाषेचे राज्य तिथे स्थापण्याचाही घाट घातला होता. अखेर पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने तो बेल्जियमला मिळाला. 'तात्पुरती' म्हणून केलेली सोय शंभर वर्षे टिकते, हे वाचून आपल्याकडच्या माणसाला हसू येईल. पण ते हसू फार वेळ टिकणार नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या पायांना चाकेच फुटली. जून, जुलै आणि ऑगस्ट २०२२ या तीन महिन्यांसाठी जर्मन सरकारने नऊ युरोंचे मासिक तिकीट काढले होते. देशातल्या कुठल्याही संथ गाडीत बसा आणि कुठेही उतरा. अशी सुमारे ५ कोटी २० लाख तिकिटे खपली. गाड्या आपल्या यात्रेच्या गाड्यांसारख्या भरू लागल्या, तेव्हा जर्मन लोक घाबरले. आम्हां दोघींना मात्र घरी आल्यासारखे वाटले. आमचे नियम साधे होते. पहाटेच्या गाडीने निघायचे, रात्रीच्या शेवटच्या गाडीने परतायचे, मुक्कामाला पैसे घालायचे नाहीत. पाठपिशवीत दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि छत्री. कुठे जायचे ते कोलोनच्या फलाटावर ठरायचे, आणि ज्या गाडीत बसायला जागा दिसेल ती गाडी आमची.

अशीच एका शनिवारी कोब्लेंट्सची गाडी मिळाली, तिथून ट्रिअरची, तिथून पेर्ल नावाच्या लहानशा स्टेशनाची. उतरून मोझेल नदीवरचा पूल चालत ओलांडला, तर समोर पाटी: शेंगेन. पासपोर्टावर हे नाव मी वाचले होते, पण ते एका गावाचे नाव आहे हे कधी मनात आले नव्हते. द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी, लक्झेंबर्गच्या टोकाला वसलेले हे एवढेसे खेडे. समोर जर्मनी, नदीच्या वरच्या अंगाला फ्रान्स. १४ जून १९८५ रोजी पाच देशांच्या प्रतिनिधींनी इथे नदीतल्या एका बोटीवर करारावर सह्या केल्या आणि २६ मार्च १९९५ पासून सीमेवरची तपासणी प्रत्यक्षात उठली. म्हणजे सही आणि अंमल यांच्यामध्ये दहा वर्षे गेली. बोटच का, तर ही नदी इथे लक्झेंबर्ग आणि जर्मनी या दोघांचीही आहे. तिच्या मधोमध रेघ ओढलेली नाही, सारे पात्र सामाईक. आम्ही दोघी पुलाच्या कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहिलो. खानापूरच्या रानात उगवणाऱ्या म्हादईची आठवण तिलाही झाली असावी. बोलली ती नाही, मीही नाही. पुढे लक्झेंबर्ग शहरापर्यंतच्या बसचे पैसे द्यायला गेले, तर चालकाने हाताने 'बसा, बसा' अशी खूण केली. २९ फेब्रुवारी २०२० पासून त्या देशात बस, ट्राम आणि रेल्वेचा साधा वर्ग सर्वांना मोफत आहे.

या हिंडण्यात माझ्या वहीत एक यादी वाढत गेली. ती होती नावांची. आम्ही राहत होतो ते आखेन डच पाट्यांवर 'आकेन' होते आणि फ्रेंच पाट्यांवर 'एक्स-ला-शापेल'. इटालियन माणूस त्याला 'आक्विस्ग्राना' म्हणतो. बेल्जियमचे लिएज जर्मनांसाठी 'ल्युटिख' आणि डचांसाठी 'लाउक'. महामार्गाने सीमा ओलांडली की त्याच गावाचे नाव पुढच्या पाटीवर बदलते आणि मोटारवाला न थांबता पुढे जातो. मी हे कौतुकाने सांगू लागले, तेव्हा बोल्त्सानोची मुलगी म्हणाली, "एवढे सोपे नसते ते." तिच्या गावाचे दुसरे नाव बोत्सेन. पहिल्या महायुद्धानंतर तो मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या राज्यात तिथल्या जर्मन शाळा बंद झाल्या आणि गावांची नावे इटालियन करण्यात आली. १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने दोन्ही भाषांना मान मिळाला. आता स्टेशनावर दोन्ही नावे आहेत, शाळा मात्र दोन भाषांच्या वेगवेगळ्या. "माझ्या आजीला तिचे नाव परत मिळायला अर्धे आयुष्य लागले," असे ती म्हणाली आणि दशमीचा तुकडा मोडून तिने विषय संपवला.

हे सोपे नसते, याची साक्ष त्या निसर्गरम्य मुलुखात पावलोपावली मिळते. आखेनबाहेरच्या शेतांत सिमेंटचे सुळके रांगेने उभे आहेत. रणगाडे अडवण्यासाठी हिटलरच्या काळात ते रोवले होते. आता त्यांच्या फटींतून गाई चरतात. मास्त्रिख्तला जाणाऱ्या बसमधून आम्ही एकदा सहज म्हणून मार्गरातेन या गावी उतरलो. तिथे हिरवळीवर पांढरे क्रूस ओळीने उभे आहेत, आठ हजारांहून अधिक. दुसऱ्या महायुद्धात पडलेले हे अमेरिकन सैनिक. आसपासच्या डच कुटुंबांनी १९४५ पासून एकेक कबर दत्तक घेतली आहे आणि फुले वाहण्याचे व्रत मुलांकडे, नातवंडांकडे चालत आले आहे. कुंपण नसलेल्या त्या टेकडीची किंमत कुणी दिली, ते त्या हिरवळीवर समजते.

आता ज्या रविवारासाठी हे सारे लिहायला घेतले, तो सांगते. सप्टेंबर महिना होता. फाल्सकडून बसने आम्ही एपेन या डच खेड्यात उतरलो आणि ओढ्याकाठच्या पायवाटेने चालू लागलो. बोल्त्सानोच्या मुलीची परीक्षा होती, त्यामुळे आम्ही दोघीच. सफरचंदांच्या बागा, मधे आडवी फाटके, ती उघडून मागे नीट लावून घ्यायची. केव्हातरी बेल्जियम लागला. एका खेड्याच्या तोंडाशी पाटी होती. तिच्यावर गावाची दोन नावे, वर डच आणि खाली फ्रेंच. फ्रेंच नावावर काळा रंग फासलेला होता.

आम्ही दोघी एकदमच थांबलो. अशी पाटी वाचायला आम्हांला कुणी शिकवावे लागत नाही. धारवाडची मुलगी हलकेच म्हणाली, आणि तेही मराठीत, "हे तर आपल्याकडचंच आहे की!"

तो भाग डचमध्ये फूरेन आणि फ्रेंचमध्ये फुरों. सहा खेडी आणि जेमतेम चार हजार वस्ती. बेल्जियममध्ये भाषेची सीमा कायद्याने आखली, तेव्हा १९६३ मध्ये ही खेडी फ्रेंच भाषिक लिएज प्रांतातून काढून डच भाषिक लिंबुर्ख प्रांताला जोडली गेली. त्यावरून मोर्चे निघाले, मारामाऱ्या झाल्या. डच येते हे सिद्ध करून दाखवायला नकार देणाऱ्या फुरोंच्या महापौराच्या प्रश्नावरून १९८७ साली देशाचे सरकार पडले. त्याच देशातील लुव्हेनच्या जुन्या विद्यापीठाचे भाषेवरून १९६८ साली दोन भाग झाले. फ्रेंच विभागासाठी नवे गाव वसवावे लागले आणि ग्रंथालयाची पुस्तके सम-विषम क्रमांकांनी वाटून घेतली गेली. पोथीचा एक भाग या घरी आणि दुसरा त्या घरी! आणि याच देशात जर्मन बोलणारी पाऊण लाखाहून थोडी अधिक माणसे आहेत. त्यांना स्वतःची विधानसभा आहे आणि जर्मन ही राष्ट्राची तिसरी अधिकृत भाषा आहे. एकाच घरात इतका आडमुठेपणा आणि इतका समजूतदारपणा शेजारी शेजारी नांदतात.

रविवारी त्या खेड्यातून बस नव्हती. फाल्सपर्यंत चालत जाणे आले, आणि त्या तीन तासांच्या वाटेवर प्रथमच आम्ही त्या विषयावर बोललो. तिने तिच्या बाजूचे सांगितले. धारवाडच्या घरी लहानपणी ऐकलेले, शाळेत शिकलेले, मराठी बोलणाऱ्या शेजाऱ्यांविषयी वाटलेला दुरावा आणि त्याच शेजारणीच्या हातची खाल्लेली पुरणपोळी. मी माझ्या बाजूचे सांगितले. आजोबांनी १९५६ नंतरची वर्षे कशी काढली, सातबाऱ्याचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेताना त्यांचा चेहरा कसा होई, बंदच्या दिवशी शाळेतून घरी येताना आई हात किती घट्ट धरी. तिने माझे सारे मान्य केले नाही, मीही तिचे सारे मान्य केले नाही. मधेच ती कानडीवर जाई, मी मराठीवर येई आणि कुणालाच दुभाष्याची गरज पडत नव्हती. द. रा. बेंद्रे यांची आठवण तिनेच काढली. १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणाऱ्या या धारवाडच्या कानडी कवीची घरची भाषा मराठी होती. "त्यांनी कुठल्या भाषेत स्वप्नं पाहिली असतील?" तिने विचारले. मला उत्तर सुचले नाही. उत्तर सुचण्याआधी पाऊसच आला.

छत्री एकच होती. अंधार पडताना फाल्सचे दिवे दिसले तेव्हा ती म्हणाली, "मी मराठीत बोलताना बेळगाव म्हणेन. तू कानडीत बोलताना बेळगावी म्हण." मी म्हटले, "कबूल." नकाशा, कोर्टकचेरी, सरकारे यांचे काम या कराराने तसूभरही हलले नाही. तो फक्त दोघींपुरता होता. पण त्या रात्री भाकऱ्या थापताना ती मला 'अक्का' म्हणाली, आणि आमच्या मजल्यावरचे इंग्रजी पुष्कळ कमी झाले.

युरोपात सारे आलबेल आहे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. उघडलेली फाटके पुन्हा लागू शकतात. १६ सप्टेंबर २०२४ रोजी जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली. त्या सुमारास बोल्त्सानोच्या मुलीने कळवले की फाल्सहून येणारी तिची बस थांबवून शिपायांनी ओळखपत्रे पाहिली. बसमधल्या सर्वांची पाहिली का, असे मी विचारले. तिने लिहिले, "सर्वांची नाही. तुमच्यासारखे दिसणाऱ्यांची आधी." ज्या टेकडीवर आम्ही खांबाभोवती फेर धरला, तिथे पाय ठेवण्यासाठी व्हिसाच्या रांगेत महिनोन्महिने उभी असलेली माणसे आहेत, हेही विसरता येत नाही. सीमा पातळ होते ती निसर्गाने नव्हे. कुणीतरी बसून तिकिटांचे, पाण्याचे, पाट्यांचे, शाळांचे एकेक कलम लिहिते आणि मग पुढच्या पिढ्या ते सांभाळतात, तेव्हा ती पातळ होते. आणि सांभाळले नाही तर ती पुन्हा जाड होते.

हे मला एखाद्या ग्रंथातूनही कळले असते. पण ग्रंथातले फूरेन मी मुद्दाम शोधले नसते, आणि सहल काढून तर तिथे कुणीच जात नाही. मोकळा रविवार, रिकामा खिसा आणि बरोबर एक मैत्रीण एवढ्या भांडवलावर ते गाव भेटले. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना सांगावेसे वाटते की, यासाठी आखेनला जायला हवे असे नाही. बेळगावच्या बसस्थानकावर शनिवारी सकाळी उभे राहा. एका बाजूने निपाणी-कोल्हापूर, दुसऱ्या बाजूने धारवाड, तिसरीकडे चोर्ला घाटातून गोवा. कुठल्याही दिशेने दोन-चार तासांत पाटीवरची लिपी किंवा तिची भाषा बदलते. बरोबर न्यायचा तर दुसऱ्या भाषेच्या वर्गातला एखादा मित्र न्यावा, आणि उतरल्यावर त्याला आधी बोलू द्यावे.

हा अंक छापून आला की एक प्रत धारवाडला पाठवायची आहे. शिक्षण संपवून तीही आता घरी परतली आहे. आपल्या नियतकालिकाचे मराठी आणि कानडी विभाग एकाच दोऱ्याने शिवलेले असतात, हे तिला सांगितले तेव्हा तिने विचारले, "मुलं दोन्ही वाचतात का?" तिला काय कळवू, ते वाचकांनीच मला सांगावे.